अंगी लागण्याची जागा

बिरू,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना रडू आलं. रडू नव्हतं आलं, राग आला होता. माझ्या आधी जे जे बोलले ते सगळे तुझ्या हाताबद्दल बोलले. ऑपरेशनचा हात किती हलका, हाकेला कसा धावून जायचा, गावाकडचा पेशंट कधी परत पाठवला नाही. सगळं खरंच आहे. पण तू भांडायचास किती, हे कुणी काढलंच नाही. आणि कशासाठी भांडायचास, हे त्या सभागृहात फक्त दोघींना माहीत होतं, मला आणि कमलवहिनीला. वहिनी पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे अशी बघत होती, की बोलायचं तर नीट बोल. नीट बोलता येईल याची मला खात्री नव्हती, म्हणून बसले.

आता लिहिते आहे. तुला खोडायची सवय आहे, खोडता येत असेल तर खोड.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आतड्यावरचं लेक्चर चालू होतं आणि तू मागच्या बाकावरून उभा राहिलास. "सर, अंगी लागतं म्हणजे नेमकं कुठं लागतं?" वर्ग खदखदला. सर म्हणाले, शास्त्रीय भाषेत विचार. तू म्हणालास, "शास्त्रीय भाषा शिकायलाच आलोय, सर. प्रश्न तेवढा घरनं आणलाय."

बाहेर व्हरांड्यात मी तुला विचारलं, घरनं म्हणजे? मग तू शेवंताचं सांगितलंस. तुझी धाकटी बहीण. माणातून मेंढरं घेऊन तुम्ही घाटाकडे निघालात की ती आईच्या पाठीवर असायची. चालायच्या वयाची झाली तरी पाठीवरच. जे दिलं ते खायची, मेंढीचं दूधही प्यायची, पण हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. तुझी आई येईल त्याला सांगायची, "खातीया, पर अंगी लागत न्हाई." कुणी अंगारा दिला, कुणी मुळी दिली. वाटेतल्या एका मुक्कामावर ती गेली आणि तिला तिथंच ठेवून दुसऱ्या दिवशी तळ हलवावा लागला, कारण मेंढरांना चारा उरला नव्हता. हे सगळं तू खिशात हात घालून, माझ्याकडे न बघता सांगितलंस. नंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. काढायची गरजही नव्हती. तू पुढं जे जे केलंस ते त्या पोरीला विचारून केल्यासारखं केलंस.

मी शरीरक्रियाशास्त्र घेतलं आणि सांगलीत शिकवायला लागले. तू सर्जन झालास, साताऱ्यात बसलास. मधली कितीतरी वर्षं आपली भेट लग्नकार्यातच. मग एकदा कॉलेजच्या वेळेत तुझा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "सुमे, जागा सापडली."

"कसली जागा?"

"अंगी लागायची."

तू कुठंतरी वाचलं होतंस, आणि मला ते माहीत होतं, पण तू ज्या आवाजात सांगत होतास त्या आवाजात मी ते कधी ऐकलं नव्हतं. लहान आतडं आतून मखमलीसारखं असतं. मधल्या पोकळीतून जो रस वाहतो तो फारसा आंबट नसतो आणि चुन्यासारखा दाहकही नसतो. पण त्या मखमलीला अगदी चिकटून, केसाहूनही पातळ असा एक थर असतो आणि तो आंबट असतो. शेतकरी मातीचा सामू बघतात ना, तसा त्याचा सामू बघितला तर तो वरच्या रसापेक्षा खाली उतरलेला दिसतो. वरून काहीही वाहून जावो, हा थर आपला आंबटपणा सहसा सोडत नाही. रक्त तयार व्हायला जे फॉलिक ॲसिड लागतं ते या आंबटपणाच्याच जोरावर आत शिरतं. मखमल झिजली की थर बिघडतो, आणि मग माणूस खातो पण त्याच्या अंगाला काही लागत नाही.

"माझ्याकडं आतडी हायत, तुझ्याकडं यंत्र हाय," तू म्हणालास. "मापूया."

रीतसर परवानग्या काढल्या. ज्या पेशंटचं आतडं कापून काढावंच लागणार आहे, त्याच्या सहीने, काढलेल्या भागातला चांगला तुकडा तू द्यायचा आणि मी मापायचा. तुकडा बाहेर आला तरी थंड, प्राणवायू सोडलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यात काही वेळ जिवंत राहतो. तेवढ्या वेळात साताऱ्याहून सांगली गाठायची.

पहिल्या खेपेला मीही साताऱ्याला आले होते. येताना थर्मास माझ्या मांडीवर आणि गाडी तू हाणत होतास. उसाचा हंगाम होता. इस्लामपूरच्या अलीकडं एका ट्रॉलीचा कणा मोडला होता आणि ऊस रस्ताभर पसरला होता. दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा. मी बर्फाकडे बघत होते, तू घड्याळाकडे. शेवटी तू दार उघडून पळत पुढं गेलास.

"आवं दादा, वाट करा की जरा! गाडीत माणसाचं आतडं हाय!"

ट्रॅक्टरवाला घाबरून तुझ्यासोबत माझ्या खिडकीपाशी आला. "माणूस कुठाय?"

"माणूस साताऱ्यात हाय. आतडं हितं हाय."

त्यानं थर्मासकडं बघितलं, एक पाऊल मागं सरला आणि कपाळाला हात लावला. मग मात्र त्यानं आरोळी ठोकून माणसं गोळा केली आणि मोळ्या उचलून एका गाडीपुरती वाट केली. तरी उशीर झालाच. तुकडा यंत्रावर लावला तेव्हा तो मेलेला होता. जिवंत तुकड्याच्या दोन बाजूंमध्ये विजेचा बारीकसा दाब असतो, तो आलाच नाही. तू बेसिनपाशी जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिलास.

पण पुढं जमलं. सामू मापायचं काचेचं सुईसारखं टोक मी खाली खाली आणत होते, तू माझ्या खांद्यावरून बघत होतास आणि मीटरवरचा आकडा सातच्या वरून घसरायला लागला. मखमलीला टेकता टेकता सहाच्या जवळ येऊन थांबला. "आंबट हाय! सुमे, आंबट हाय!" तू एवढ्यानं ओरडलास की शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. मी वरचं पाणी बदललं, आधी आंबट केलं, मग चुन्याच्या बाजूला नेलं. थराचा आकडा फारसा हलला नाही.

आणि त्याच दुपारी भांडण सुरू झालं.

तू म्हणालास, हे पेशी करतात. मखमलीतली एकेक पेशी आतून आम्ल बाहेर ढकलते म्हणून थर आंबट. मी म्हणाले, पेशी ढकलत असतील, पण वरच्या वाहत्या रसात ते धुऊन जायला कितीसा वेळ? खरं राखण करतो तो वरचा बुळबुळीत पडदा. आम्ल त्यात अडकून राहतं. तू त्याला पडदा कधी म्हणाला नाहीस, शेवटपर्यंत ‘तुझा शेंबूड’ म्हणालास. मी कफ पातळ करायच्या औषधानं पडदा धुऊन दाखवला, आंबटपणा गेला. तू म्हणालास, धुताना तू पेशींना मारलंस. तू पाण्यातली साखर काढून घ्यायला लावलीस. पेशींचं इंधन बंद झालं आणि पडदा शाबूत असूनही आंबटपणा गेला. मी म्हणाले, हा तुकडा गाडीत आधीच अर्धा मेला होता, आणि शिवाय हे सगळे आजारी माणसांचे तुकडे, यावरून निरोग्याचं काय सांगायचं? तू म्हणालास, "निरोगी माणूस कशाला पोट फाडून दील तुला?"

पेपर अर्धा लिहून पडला. एकाच वाक्यावर अडला. ‘पेशी हा थर राखतात’ असं तुला हवं होतं आणि मी सही करत नव्हते. एका दिवाळीला तू सांगलीत येऊनही माझ्याकडे आला नाहीस. मी वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, तुमचं ते आतड्याचं मला कळत न्हाई, पण घरात जेवताना तुमचं नाव काढलं की ह्यांचा घास थांबतोय."

मग तुझं वजन उतरायला लागलं.

तू रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आलास तेव्हा शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता. बसला नाहीस. फिल्म माझ्या दिव्याच्या पेटीवर लावलीस आणि पेनानं दाखवलंस, दुसऱ्या कुणाची असावी तशी. "लहान आतड्याच्या वरच्या भागात. गाठ. सांगलीतच काढायचं ठरवलंय. सातारला माझ्याच टेबलावर मी न्हाई झोपणार."

तू थांबलाही नाहीस.

"आता ऐक. गाठीच्या दोन्ही बाजूंचं चांगलं आतडं निघणार. तपासणीला जायचं ते जाईल. त्यातनं बोटाएवढा तुकडा तू घ्यायचा. मी बोललोय त्यांच्याशी."

"नाही."

"ऐकून तर घे."

"ऐकलं. नाही."

"एवढी वर्षं काय म्हणत आलीस तू? गाडीत मरतंय, उशीर होतोय. आता हॉस्पिटल आणि तुझी लॅब एका रस्त्यावर हायत. असा ताजा तुकडा परत कवा मिळणार तुला?"

"तुकडा म्हणू नकोस, बिरू."

"मग काय म्हणू? आजवर ज्यांचे आणले त्यांना काय म्हणत हुतो आपण?"

मी म्हणाले, तू टेबलावर असताना माझे हात थरथरतील. तू म्हणालास, "टोक तुटंल मग. चार-पाच टोकं करून ठेव." आणि फिल्म गुंडाळून निघून गेलास.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही दोघं माझ्याकडे उतरला होतात. तू आत पडला होतास. वहिनी ओट्यापाशी भाकरी थापत होती. शाळेत गणित शिकवताना पुस्तकासारखं शुद्ध बोलणारी ही बाई चिडली की थेट माणची होते, हे तुला माहीतच आहे.

"ताई, सांगितलं त्यांनी मला," ती म्हणाली. "आत त्यांना कापत असतील आन् तुमी तिकडं त्यांच्या आतड्यात टोकं खुपसत बसणार?"

"मी नाही म्हटलंय, वहिनी."

"मग तसंच ऱ्हावा. थोरले भावजी येणार हायत, पण ते पुरुष माणूस, ते बाहेरची धावपळ करतील. मला शेजारी कुणीतरी पायजे. तुमी बसायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला. तुझी सही झालेला कागद तोपर्यंत हॉस्पिटलात पोचला होता, आणि त्याच दुपारी मी चार टोकंही करून ठेवली होती. शब्दही मीच दिला, टोकंही मीच केली. यातलं कुठलं खरं धरायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुला आत नेलं. तुझे थोरले भाऊ रक्तपेढीकडे गेले. आम्ही दोघी त्या दारासमोरच्या बाकावर. वहिनीनं पर्स पोटाशी धरली होती आणि ती पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. नीट ऐकलं तर पाढे होते. एकोणीसचा, मग एकोणतीसचा. बराच वेळ गेला. दार उघडलं, एक तरुण डॉक्टर हातात थर्मास घेऊन बाहेर आला आणि त्यानं माझं नाव पुकारलं.

मी उठले नाही. वहिनीचे पाढे थांबले.

"तेच का?"

"हो."

"किती वेळ टिकतं?"

"फार नाही."

ती उठली, त्याच्या हातातून थर्मास घेतला आणि बाकावर येऊन मांडीवर धरून बसली. थर्मासवर थंड पाण्याचे थेंब आले होते. पदरानं तिनं ते पुसले, लेकराचं तोंड पुसावं तसे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावा."

"मी तुम्हाला शब्द दिलाय."

"जावा म्हणते ना! फोन चालू ठेवा. हितलं मी सांगन, तिकडलं तुमी सांगा. मधी बंद करायचा न्हाई."

बिरू, त्या दिवशीचं मी तुला निष्कर्षापुरतं सांगितलं. बाकीचं आजच सांगते आहे. फोन मी यंत्राशेजारी स्टूलवर ठेवला होता. त्यातून हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला आवाज येत होता, कुणाच्या तरी चपला, ढकलगाडीची चाकं आणि वहिनीचा श्वास. मी तुझा तुकडा चिमट्यानं पसरला. गुलाबी होता, मऊ, अजून बारीक बारीक आकसत होता. तो तुझा आहे हे मी मनाला कळू देत नव्हते. पहिलं टोक तुटलं. दुसरं लावलं.

विजेचा दाब आला. चांगला आला, आजवरच्या कुठल्याही तुकड्यापेक्षा जास्त.

"काय झालं?" फोनमधून वहिनी.

"जिवंत आहे," मी म्हणाले.

मी टोक खाली आणायला लागले. आकडा घसरू लागला आणि तेवढ्यात फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला. बाईचा घाईचा आवाज. मग वहिनी, "आवं सिस्टर, काय झालं? किती लागतंय? ते गेल्यात आणायला, येतीलच!" आणि मग माझ्याशी, आवाज एकदम खाली, "ताई, रक्त मागतायत. लय जातंय म्हणत्यात."

मी टोक खाली-वर करायचा स्क्रू सोडला. "मी येते, वहिनी. निघालेच."

"हलू नका!" ती ओरडली. "तुमी येऊन काय करणार? तुमच्याजवळ जे हाय ते तरी जगवा!"

मी परत बसले. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं. आकडा सहाच्या जवळ आला आणि थांबला. मी सांगितलं, "आंबट आहे वहिनी." ती म्हणाली, "म्हंजे चांगलं का?" मी म्हणाले, "चांगलं." तेवढ्यात तिकडे पळण्याचा आवाज आला. तुझे भाऊ रक्ताच्या पिशव्या घेऊन आले होते. दार उघडलं, दार लागलं.

पुढचं सगळं तुझ्या क्रमानं केलं. साखर काढून घेतली, पडद्याला हात लावला नाही. आकडा हळूहळू वर चढत वरच्या पाण्याला जाऊन मिळाला. तिकडे वहिनी परत पाढे म्हणायला लागली होती, आता मोठ्यानं. साखर परत दिली. आकडा उतरायला लागला, परत आंबट. पेशी करत होत्या, बिरू. डोळ्यांदेखत करत होत्या. मग तेच कफ पातळ करायचं औषध अगदी सौम्य करून पडदा धुतला. विजेचा दाब तसाच राहिला, म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या, पण आंबटपणा टिकेना. त्या करत राहिल्या आणि ते वाहून जात राहिलं.

वहिनी गप्प झाली. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. लांबून पुरुषाचा आवाज येत होता, सर्जनचा, शब्द कळत नव्हते. माझी नजर मीटरवरून हलत नव्हती, कारण तिथं तरी तू होतास. मग फोनमध्ये खरखर झाली आणि वहिनी म्हणाली, "थांबलं रक्त. टाकं घालतायत." आणि तिचा फोन खाली पडला.

शुद्धीवर आल्यावर तू पहिलं पाणी मागितलंस आणि दुसरं मला. नाकात नळी, ओठ सुकलेले. "काय निघालं?"

मी सांगितलं. पेशी आंबटपणा तयार करतात, पडदा तो धरून ठेवतो. दोन्ही लागतं. मला वाटलं तू हसशील, म्हणशील चला, मिटलं. तू डोळे मिटून पडून राहिलास आणि मग म्हणालास, "एका तुकड्यावर?"

"बिरू, तुझाच तुकडा आहे."

"म्हणूनच. आजारी माणसाचं आतडं. ह्याच्यावरनं काय ठरतंय?"

मी इतकी वर्षं जे म्हणत आले तेच तू मला नळीतून ऐकवत होतास. मला हसू आलं, आणि वहिनीनं मला बाहेर काढलं, कारण तुझ्या टाक्यांना हसणं झेपत नव्हतं.

नंतरचे महिने चांगले गेले असं लोक म्हणतात. वजन थोडं भरलं, तू ओपीडीत दोन-चार तास बसायला लागलास. पण यकृतावरचे डाग तपासणीत आलेच होते, आणि ते वाढत होते हे तुला कुणी सांगायला नको होतं. मी साताऱ्याला येत राहिले. प्रत्येक वेळी तू वाक्यावर यायचास. पेशी ‘राखतात’ की ‘तयार करतात’. मी म्हणायचे, तयार करतात आणि पडदा राखतो. तू म्हणायचास, शेंबडाला अक्कल कुठाय राखायला? त्याला तयार करतात त्यापण पेशीच. हे बरोबर होतं आणि मी ते मान्यही केलं. तरी तुझं समाधान नाही. वहिनी चहा ठेवून जायची, तो निवायचा.

शेवटच्या भेटीत तू उशीवर टेकून बसला होतास. अजिंक्यताऱ्याकडची खिडकी उघडी होती, ऊन तुझ्या पायांवर होतं. खूप वेळ तू ऐकत राहिलास, मी बोलत राहिले, आणि मग तू हात वर करून मला थांबवलंस.

"सुमे, तू म्हणतीस ते…"

आणि खोकला आला. मग ग्लानी. मी पुढची वाट बघत बसले. तू जागा झालास तेव्हा पाणी मागितलंस, वहिनीला मेंढरं कुठं आहेत असं विचारलंस, आणि वाक्य राहिलं ते राहिलं.

तू गेल्यावर मी पेपर पुरा करायला बसले. ते अडलेलं वाक्य सोडवलं आणि खाली लिहिलं, की माझ्या सहकाऱ्यानं मृत्यूपूर्वी या निष्कर्षाला संमती दिली होती. मला ते खरंच वाटत होतं. ‘तू म्हणतीस ते बरोबर हाय’ असंच तू म्हणणार होतास. एवढ्या वर्षांनी, तेवढ्या थकव्यात, माणूस आणखी काय म्हणेल?

वहिनी सांगलीला आली तेव्हा तिला लॅब बघायची होती. तुझ्या त्या तुकड्याची पातळ चकती काचेवर होती, ती तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. एक डोळा मिटून ती पुष्कळ वेळ बघत राहिली. "लोकरीगत दिसतंय," म्हणाली, "कातरायला आलेल्या मेंढीगत." मग मी तिला पेपर वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. संमतीच्या ओळीपाशी तिनं मला थांबवलं.

"त्यांनी असं म्हटलं?"

"म्हणणारच होते. अर्धंच राहिलं." आणि मी तिला ते अर्धं वाक्य सांगितलं.

ती खुर्चीत मागं टेकली. "ताई, मी त्यांच्यासंगं संसार केला. त्यांचं वाक्य अर्ध्यात थांबलं तर पुढं कुणीकडं वळंल, ते मला कवाच कळलं न्हाई. तुमाला कसं कळलं?"

मी म्हणाले, "वहिनी, शेवटी शेवटी ते…"

"‘तू म्हणतीस ते खोटं हाय’ असं बी म्हणायचे की."

"म्हणायचे."

"मग? आता त्यांना बोलता येत न्हाई म्हणून त्यांच्या तोंडात तुमचं घालायचं?"

ती रागानं बोलली नाही. पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि परत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी तिच्यासमोरच ती ओळ काढली. मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. तुझी ती संमती मला हवी होती, फार हवी होती. ती आता मिळणार नाही.

आज सकाळी पेपर पाठवला. तुझं नाव पहिलं आहे, माझं दुसरं. मला जे दिसलं ते मी लिहिलं आहे. त्याखाली तुझा आक्षेप आहे, तू पलंगावरून घेतलास तसाच. एकच तुकडा, तोही आजारी माणसाचा, यावरून काही ठरत नाही. आणि शेवटी एक वाक्य, की लेखकांपैकी एकाला हा निष्कर्ष अखेरपर्यंत मान्य असल्याचं आढळलं नाही.

पाठवल्यावर वहिनीला फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. मागं शाळेची मधली सुट्टी झाल्याचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "आता हे त्यांचं वाटतंय."